शेखांच्या गर्दीत एक शेख
(पालक सभेतील भाषणावरून)



जुना दाखला मागायला कोणी आले आणि साल आठवत नसेल, तर जनरल रजिस्टरच्या पहिल्या पानापासून बोट फिरवावे लागते. सूची नसेल तर संगणकही हेच करतो, फक्त त्याचे बोट वेगाने फिरते. नावे अकारविल्हे लावली की मधोमध उघडायचे, नको तो अर्धा भाग सोडायचा, पुन्हा मधोमध. १० लाख नावांत असे २० वेळा केले की नाव हाती लागते.

पण आपल्या धाराशिवकडच्या शाळेत 'शेख' उघडावे तर शेखांचीच फौज! तेथे आडनाव, नाव, वडिलांचे नाव व जन्मतारीख मिळून जोडसूची करावी लागते. नुसते मधले 'अहमद' आठवत असेल तर तीही निकामी. त्यासाठी नावांचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे करून निराळी सूची ठेवतात.

आणि एकाने 'महंमद', दुसऱ्याने 'मोहम्मद' लिहिले तर? साध्या सूचीला ही दोन माणसे. उच्चारावरून नावे जुळवण्याच्या पद्धतीचे पेटंट अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांना १९१८ साली मिळाले, पण ती इंग्रजी नावांसाठी. इकडे आपला मुलगा फॉर्मच्या शेवटच्या दिवशी खिडकीपाशी ताटकळत असतो. तेव्हा प्रवेशाला येताना जन्मदाखला आणा, आणि गुरुजींनी लिहिलेले नाव तिथेच वाचून घ्या.