बंद कोण करणार?



अध्यक्षाला दोन सवलती असतात. वेळ झाल्याची घंटा वाजत नाही आणि विषय स्वतःचा निवडता येतो. पहिली मी घेत नाही. दुसरी घेते, आणि एका किरकोळ समजल्या जाणाऱ्या कामाबद्दल बोलते: स्वयंचलित चाचणीसाठी आपल्याच मशीनवर डेटाबेस सर्व्हर चालू करणं आणि नंतर तो बंद करणं.

माझ्या पहिल्या नोकरीत सगळ्यांना मिळून चाचणीचा एकच डेटाबेस होता. माझी चाचणी ऑर्डरींचं टेबल रिकामं करायची आणि नेमकी त्याच वेळी शेजारच्या सहकाऱ्याची चाचणी त्या ऑर्डरींची बेरीज करत असायची. ती फेल व्हायची. पुन्हा चालवली की पास. बिचारा दोन आठवडे स्वतःचा कोड चाळत बसला. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: ज्याच्या चाचण्या, त्याचा सर्व्हर. कामापुरता उभा करायचा, काम झालं की मोडायचा.

त्यापेक्षा एसक्यूलाइट मेमरीत चालवू, असं कोणी म्हणेल. पण पूर्णांकाच्या कॉलममध्ये ‘अबक’ घातलं, तर एसक्यूलाइट, स्ट्रिक्ट टेबल मागितलं नसेल तर, मुकाट्याने ठेवून घेतं. पोस्टग्रेस तिथेच हटकतं. तालीम एका नटाबरोबर आणि प्रयोग दुसऱ्याबरोबर, असं का करायचं?

पोस्टग्रेसच घेऊ. इनिटडीबीने तात्पुरत्या फोल्डरात डेटा डिरेक्टरी तयार केली, की पहिली अडचण पोर्टची. ५४३२ वर तुमचं रोजचं पोस्टग्रेस आधीच ठाण मांडून असतं. मग कर्नलकडून मोकळा क्रमांक मागून घ्यायचा, सोडायचा आणि सर्व्हरला द्यायचा, ही युक्ती पुष्कळजण करतात. पण सोडणं आणि पकडणं यांच्या मधल्या क्षणात दुसरी चाचणी तो पळवू शकते. मी टीसीपी बंदच ठेवते आणि युनिक्स सॉकेट त्याच तात्पुरत्या फोल्डरात उघडते. फक्त फोल्डरचं नाव आखूड हवं. लिनक्सवर सॉकेटचा पूर्ण पाथ १०७ बाइटांत बसावा लागतो, आणि बिल्ड मशीनला लांबलचक नावांची भारी हौस!

दुसरी अडचण ‘स्लीप ५’ या ओळीची. मशीनवर ताण आला की सर्व्हर अजून उठतोच आहे अशी एरर येते. मग कोणीतरी पाचाचे दहा करतं, दहाचे तीस. कुकरच्या शिट्ट्या न मोजता घड्याळाकडे बघत बसावं, तसं हे. सर्व्हरला विचारा ना! पीजी-इझरेडी २०१३ पासून त्यासाठीच आहे, आणि पीजी-सीटीएल आवृत्ती १० पासून न सांगताही सर्व्हर उठेपर्यंत थांबतं.

आता बंद करणं. ‘स्मार्ट’ पद्धत पाहुणे आपणहून उठायची वाट पाहते. पूलमध्ये एक कनेक्शन विसरलात, की बसा. आवृत्ती ९.५ च्या आधी न सांगता हीच लागू व्हायची. ‘फास्ट’ कनेक्शनं तोडते, अर्धवट व्यवहार मागे घेते, चेकपॉइंट लिहिते. ‘इमिजिएट’ चेकपॉइंटही लिहीत नाही. पुढच्या वेळी सर्व्हरला रिकव्हरी करावी लागते. तिच्यापासून जपून राहा, असं सगळे सांगतात. मी चाचणीत बिनदिक्कत तीच वापरते; जे फोल्डर पुसायचंच आहे, त्याची आवराआवर कशाला? ‘किल -९’ मात्र नको. त्यात पोस्टमास्टरला आपली पोरं आणि शेअर्ड मेमरी आवरायला सवडच मिळत नाही.

पण चाचणीलाच कोणी ‘किल -९’ केलं तर? आवरणारा कोड चालतच नाही. एका सोमवारी बिल्ड मशीनवर मी ‘पीएस’ दिलं, तर स्क्रीनभर अनाथ पोस्टग्रेस. टेस्टकंटेनर्समध्ये यासाठी रायुक नावाचा वेगळा कंटेनर असतो. चाचणीशी जोडलेलं कनेक्शन तुटलं, की थोडं थांबून तो बाकीचे कंटेनर काढून टाकतो. मीही असाच एक रखवालदार लिहिला. तो पाइपचं एक टोक वाचत बसतो. चाचणी कशीही मेली तरी कर्नल तिच्याकडचं टोक बंद करतं. रखवालदाराला ते कळतं, तो सर्व्हर उतरवतो, फोल्डर पुसतो. फक्त ते लिहिण्याचं टोक चुकून सर्व्हरकडेही वारशाने गेलं, तर पाइप कधीच बंद होत नाही. हे उमगायला माझे दोन दिवस गेले.

लॅपटॉप आणला आहे. चहाच्या वेळी या, दाखवते.