खुरप्याचं पाणी

भांगलणीचे दिवस आले की गटाच्या बैठकीत एक तक्रार हमखास निघते: खुरपं सकाळी चांगलं चालतं, दुपारनंतर नुसतं गवत दाबतं. मग मनगट धरतं, तण मुळासकट न निघता वरचेवर तुटतं आणि आठ दिवसांत त्याच सरीत पुन्हा बसावं लागतं. दगडावर कितीही घासलं तरी फरक पडत नसेल, तर खोट धारेत नाही, पाण्यात आहे. लोहार ज्याला 'पाणी देणं' म्हणतात, ते पाणी.

आधी लोखंड कुठलं ते विचारा. बांधकामाच्या साध्या सळईचं खुरपं कितीही तापवून पाण्यात बुडवलं तरी पुरेसं कडक होत नाही. ट्रकच्या पाट्याचं होतं, कारण ते पोलाद आहे. ग्राइंडरला लावून बघा: सळईच्या ठिणग्या लांब, सरळ रेघेसारख्या उडतात, पाट्याच्या ठिणग्यांना टोकाशी फुलबाजीसारखे फाटे फुटतात.

आता भट्टी. पातं डाळिंबाच्या दाण्याइतकं लाल झालं की पुरे. हा रंग सावलीतच ओळखता येतो. उन्हात तापलेलं पातंही काळपट दिसतं आणि लोहार जास्त तापवून बसतो. लोहचुंबक असेल तर जवळ धरा. साधारण 770 अंशांना पोलाद चुंबकाला चिकटायचं थांबतं. त्याहून थोडं वर गेलं की बुडवायची वेळ. पिवळं-पांढरं होऊन पात्यातूनच ठिणग्या उडू लागल्या, तर ते पोलाद जळलं. तेवढा भाग तोडूनच टाकावा लागतो, पाणी देऊन तो सुधारत नाही.

पाट्याचं पातं थंड पाण्यात बुडवलं तर तडकू शकतं, तेलात बरं. तेल भडकतं, म्हणून भांडं लोखंडी हवं, झाकण हाताशी हवं आणि पोरं लांब हवीत. बुडवल्यावर कानस फिरवा. ती घसरली तर पातं कडक झालं. पण इतकं कडक पातं खड्याला लागलं की काचेसारखं टवका सोडतं. म्हणून घासून चकचकीत करायचं आणि पाठीकडून हळूहळू पुन्हा तापवायचं. रंग धारेकडे सरकत येतो. धारेवर गव्हाच्या काडाचा पिवळा रंग आला की लगेच पाण्यात. निळा येईपर्यंत थांबलात तर धार मऊ पडली. खरी कसब इथंच आहे, आणि घाईच्या दिवसांत नेमकं हेच वगळलं जातं.

हे पाणी पुढं दोन ठिकाणी उतरतं. एक, बाजारात ग्राइंडरवर धार लावताना. पातं निळं पडू देऊ नका, दर दोन फेऱ्यांनी पाण्यात बुडवायला सांगा. दुसरं, तुटलेलं खुरपं वेल्डिंग करताना. धारेला ओलं फडकं गुंडाळायला लावा, जोडावर मात्र पाणी ओतू देऊ नका. तो आपोआप निवू द्या. आणि बघत उभ्या राहू नका. वेल्डिंगचा उजेड डोळ्यांना त्या वेळी काही करत नाही, रात्री वाळू गेल्यासारखे डोळे खुपतात.

मुठीच्या कड्याला पुष्कळ जण नळाच्या जुन्या पाइपचा तुकडा वापरतात. त्यावर जस्ताचा थर असतो. तो भट्टीत किंवा वेल्डिंगखाली गेला की पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. असं कडं तापवूच नये, गारच ठोकून बसवावं.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा दातेरी वैभव विळा ज्यांच्याकडे आहे, त्यांनी तो ठोकायला देऊ नये, दाते बसतील. साधे विळे-खुरपी मात्र दहा-पंधरा जणींनी एकत्र न्या, तेही पाऊस पडायच्या आधी. एकदा पेटलेल्या भट्टीत सगळी होतात, कोळसा वाचतो, आणि लोहारदादांना रंग बघायला सवड मिळते.