मातीचा तट आणि दगडाचा तट



वैशाखाच्या उकाड्यात, दिवसभराचा कामधंदा आटोपून आपण येथे आलात. तेव्हा फार दूरचे काही न सांगता आपल्याच जिल्ह्यातील एका गोष्टीकडे आम्ही आपले लक्ष वेधणार आहोत. ती गोष्ट म्हणजे पवनीचा किल्ला.

पवनीला आपल्यापैकी बहुतेकजण गेले असतील. पाहुणा आला की आपण त्याला जवाहर दरवाज्याशी उभे करतो, दगडी तटाकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "हा आमचा किल्ला." पाहुणा वर पाहतो. खाली कोणी पाहत नाही. खाली असते काय? मातीचा एक प्रचंड बांध आणि त्याच्या पायथ्याशी खंदक. गावाच्या तीन बाजूंना ही खंदकाची व तटाची मिठी, आणि चौथ्या बाजूला वैनगंगा. आमचे म्हणणे असे की, खरा जुना किल्ला तो खालचाच. वरचे दगडकाम हे नंतरच्या राजवटींनी त्याच्या खांद्यावर चढवलेले बांधकाम आहे.

खंदक आणि मातीचा तट ही दोन कामे नव्हेत. एकाच कामाच्या त्या दोन बाजू. खणलेली माती आतल्या अंगाला टाकत गेले की इकडे खड्डा खोल होतो, तिकडे भिंत चढते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुर्गरचनेचे वर्णन आहे, तेही असेच. खंदकातून निघालेल्या मातीचा तट करावा, तो हत्ती आणि बैल यांच्याकडून तुडवून घट्ट करावा, वर काटेरी झुडपे लावावीत असे तो सांगतो. लाकूड मात्र वापरू नये, कारण त्यात अग्नी दडलेला असतो, अशी त्याची ताकीद आहे.

ही रीत केवळ आपलीच नव्हे. अकराव्या शतकात नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, तेव्हा त्यांनीही खंदक खणून मातीचे उंचवटे रचले आणि वर लाकडी गढ्या उभारल्या. विंडसरचा सुप्रसिद्ध किल्ला असाच सुरू झाला. पुढे बाराव्या शतकात दुसऱ्या हेन्रीने लाकूड काढून तेथे दगडी बुरूज उभा केला. पण तो उभा राहिला त्या जुन्या मातीच्या उंचवट्यावरच. राजे बदलले, बांधकाम बदलले, माती तीच राहिली.

आता कोणी विचारील, पवनीची माती जुनी कशावरून? १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तेथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि ज. प. जोशी या विद्वानांनी त्याचा वृत्तांत १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. जगन्नाथ टेकडीच्या पोटातून बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या दगडांवर ब्राह्मी लेख सापडले. पुढे १९९४ मध्ये अमरेंद्र नाथ यांनी पुन्हा खोदकाम केले. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपटही पवनीतच मिळाला आहे. म्हणजे नागपूरकर भोसल्यांच्या आधी हजार-दीड हजार वर्षे तेथे नांदते, संपन्न नगर होते. आणि भोसल्यांचे ते राज्यही तिसरे रघुजी १८५३ मध्ये निवर्तल्यावर खालसा झाले. तटाला आता पहारेकऱ्याची गरज उरली नाही.

नेमका येथेच धोका सुरू झाला. मातीच्या तटाचे वय ठरवतात कसे, ते थोडक्यात सांगतो. तटाला आडवा छेद घेतात. भरावात अडकलेली खापरे, नाणी, राखेचे थर यांची जागा टिपून ठेवतात. भरावात जे सर्वांत अलीकडचे खापर सापडेल, त्याच्या आधी तट घातला गेला असणे शक्य नाही. त्या खापराला स्वतःला किंमत नाही. ते कोठे, कोणत्या थरात होते, याला किंमत आहे. माती हलली की साक्ष बुडाली.

आणि माती आपण हलवतच आलो आहोत. जुन्या वस्तीच्या मातीला आपण 'पांढरी' म्हणतो. ती पिकाला मानवते, म्हणून गाड्या भरभरून शेतात नेण्याची आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. दुसऱ्यांना नावे ठेवण्यापूर्वी सांगितले पाहिजे की, आमच्या घरच्या गाडीनेही अशा एका जुन्या टेकाडाची माती वाहिली आहे, आणि लहानपणी त्या गाडीवर बसून आम्ही मोठ्या आनंदाने शेतावर गेलो आहोत. त्या मातीत काय होते, ते आता आम्हांस कोणीही सांगू शकणार नाही. तो प्रश्न विचारण्याची सोयच आम्ही नांगराखाली घातली.

दगडी तट ढासळला तर दुःख होते, ओरड होते, वर्तमानपत्रांत पत्रे येतात. ते योग्यच आहे. पण पडलेला दगड उचलून पुन्हा चुन्यात बसवता येतो. उपसलेली माती परत आणून टाकली तर तो नुसता ढीग होतो, तट होत नाही. बुजवलेल्या खंदकाचेही तसेच. आज केरकचऱ्याने तो भरला, उद्या त्यावर घर उठले, की परवा तेथे खंदक होता हे सांगायलाही खूण उरत नाही.

म्हणून आमची विनंती मोठी नाही. पुढल्या खेपेस पाहुण्याला पवनीस न्याल, तेव्हा दरवाजा जरूर दाखवा. मग त्याला चार पावले बाजूला घेऊन खंदकाच्या काठावर उभे करा आणि खाली पाहायला सांगा. तेथून कोणी घमेलेभर माती नेत असेल, तर रागावू नका. ती कशाची माती आहे एवढेच त्याला समजावून सांगा. आम्हांला लहानपणी तसे सांगणारे कोणी भेटले नाही.