कार्तिकस्वामींचे दर्शन
(मंडळाच्या वर्धापनदिनी नंदनवन येथे केलेले भाषण)



बुद्धीची देवता म्हटली की आपण गणपतीचे नाव घेतो. आज मी त्याच्या भावाविषयी चार शब्द बोलणार आहे.

कार्तिकस्वामी देवांचे सेनापती, त्यांनी तारकासुराला मारले, एवढे आपण कीर्तनात ऐकलेले असते. पण ते ज्ञानाचेही दैवत आहेत, हे मला शेजारच्या तामीळ बाईंकडून कळले. त्यांच्याकडे त्यांना मुरुगन म्हणतात. कुंभकोणमजवळच्या स्वामीमलै येथे त्यांनी ॐकाराचा अर्थ खुद्द शंकरांना सांगितला आणि बापाने तो शिष्य होऊन ऐकला, अशी कथा आहे. हातातला भाला पार्वतीने दिलेला. शेजारी वल्ली आणि देवसेना या दोन पत्नी. या बाई स्कंदषष्ठीचा उपास करतात, सुनांना घेऊन दर्शनाला जातात.

आपल्याकडे मात्र ते ब्रह्मचारी. बाईने दर्शन घेतले तर सात जन्म वैधव्य येते, म्हणतात. कार्तिकी पौर्णिमेला कृत्तिका नक्षत्र असेल तेवढ्याच वेळापुरती मोकळीक. लग्नानंतर आम्ही पुण्याला पर्वतीवर गेलो, तेव्हा त्यांच्या देवळापाशी सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. "मान खाली घाल गं," म्हणाल्या. मी घातली. माझे कुंकू त्यांना सांभाळायचे होते; त्यांच्या मायेविषयी मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

चार वर्षांनी हे गेले. मी तर दर्शन घेतलेच नव्हते!

या देवाला दूध पाजले सहा कृत्तिकांनी. सहाजणींकडे एकदम पाहता यावे म्हणून सहा मुखे झाली, नावही त्यांच्यावरूनच पडले. आपल्या रामटेकचा म्हणून मानला जाणारा कालिदासाचा यक्ष मेघाला सांगतो, वाटेत देवगिरीवर स्कंदावर पुष्पवृष्टी कर. तिथे पार्वती लेकाच्या मोराचे गळलेले पीस कौतुकाने कानावर खोवते. अशा घरच्या मुलाला बायकांचे वावडे कसे असेल?

गेल्या वर्षी शेजारच्या बाईंबरोबर मी सेमिनरी हिल्सवरच्या कार्तिकेयाच्या देवळात गेले. पुजाऱ्यांनी काही विचारले नाही. हातावर विभूती ठेवली. घरी येऊन सासूबाईंना सारे खरे सांगितले. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत. बराच वेळ जपमाळ तशीच हातात राहिली. मग हळूच म्हणाल्या,

"दिसतात कसे गं ते?"