ओव्यांचा शब्दमेघ

 

आज शब्दमेघाबद्दल बोलू. इंग्रजीत त्याला वर्ड क्लाऊड म्हणतात. शब्दांचा पुंजका असतो. काही शब्द ठळक, मोठे, तर काही मुंगीएवढे. इंटरनेटवर तो फुकट करता येतो. मजकूर चौकटीत चिकटवायचा आणि बटण दाबायचं. कोणता शब्द किती वेळा आला ते यंत्र मोजतं. ज्याची मोजणी जास्त, त्याचं अक्षर मोठं. २००८ साली जोनाथन फाइनबर्ग यांनी 'वर्डल' नावाचं साधन आणलं, तेव्हापासून हे चित्र सगळीकडे दिसू लागलं. हल्लीचा शब्दकोड्याचा खेळ वेगळा, नाव फक्त सारखं.

आम्ही त्यात जात्यावरच्या ओव्या घातल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी गावांपासून सुरुवात करून महाराष्ट्रभरच्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या आज 'पारी'च्या संकेतस्थळावर वाचायला, ऐकायला मिळतात. आमची वही त्या मानाने चिमूटभर. पण ती आमच्या आज्यांची आहे.

ओव्या जशा गायल्या तशा लिहून यंत्राला दिल्या, तर सगळ्यात मोठं येतं 'बाई', 'माझ्या', 'सांगते'. हे शब्द ओवीची चाल सांभाळतात, खुंटा फिरता ठेवतात. साधनात 'हे शब्द वगळा' अशी सोय असते, पण तयार यादी बहुतेक इंग्रजीची. मराठीची यादी आपणच करायची. गाताना ओळ परत परत घोळवतात. ती तितक्यांदा लिहिली तर शब्द उगाच फुगतो. म्हणून ओळ एकदाच लिहावी.

काही साधनांना काना-मात्रा कळत नाही. 'माहेर'चे तुकडे पडतात, वेलांट्या सुट्या तरंगतात. असं दिसलं की ते साधन सोडायचं, दुसरं बघायचं.

खरी गंमत भावाची. ओवीत तो भाऊ असतो, बंधू असतो, बंधवा असतो, त्यात आणखी 'भावाला', 'भावाच्या', 'बंधवाची'. आपल्याला तो एकच माणूस, यंत्राला सहा वेगळे शब्द. म्हणून तो चित्रात बारीक होतो. सगळी रूपं 'भाऊ' करून टाकली की तो एकदम मोठा होतो. कुठली रूपं एकत्र करायची हे यंत्र ठरवत नाही, ओवी जाणणारी बाई ठरवते. आमच्यात यावरून बराच वाद झाला, आणि तोच भाग सगळ्यात चांगला झाला. 'म्हायार' सुधारून 'माहेर' करायचं का? मोजणीपुरतं केलं, वहीत 'म्हायार'च ठेवलं. आजीचा उच्चार पुसायचा अधिकार आपल्याला नाही.

मग एका पोरीने विचारलं, भाऊ एवढा मोठा आणि सासुरवास कोपऱ्यात, म्हणजे तेव्हा त्रास कमी होता का? एक म्हातारी म्हणाली, "दुखणं नाव घेऊन सांगत्यात व्हय?" बाई भावाची वाट बघते, आईला निरोप धाडते, वाटेवर डोळा ठेवते, त्यात सासुरवास सगळा येतो, तो शब्द मात्र एकदाही येत नाही. म्हणून आम्ही चित्रातला बारकातला बारका शब्द धरतो आणि तो कुठल्या ओवीतला ते वहीत शोधतो. त्यातून गोष्टी निघतात.

तुम्हाला करायचं असेल तर दोन गोष्टी सांभाळा. ओवीत लेकाचं, भावाचं, गावाचं नाव असतं, आणि चिकटवलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर जाऊ शकतो. नावं आधी काढा आणि जिची ओवी तिला विचारा. दुसरं म्हणजे, ओवी कोणाकडून ऐकली, कुठल्या वाडीत, काय दळताना, हे वहीच्या समासात लिहा. मेघात ते उतरत नाही.