यजमान यंत्र आणि पाहुणे यंत्र



एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालविणे ही कल्पना प्रथम ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटते. वस्तुतः ती बरीच जुनी आहे. आयबीएम कंपनीच्या मोठ्या यंत्रांवर 1960 च्या दशकातच तिचे प्रयोग झाले होते. मूळ यंत्राला यजमान आणि त्याच्या आत उभ्या केलेल्या आभासी यंत्राला पाहुणा म्हणण्याची प्रथा आहे. हे शब्द घरगुती असले तरी समर्पक आहेत. कारण पाहुण्याची व्यवस्था कोणी पाहावयाची, हाच या विषयातील कळीचा प्रश्न होय.

लिनक्सच्या जगात ही जबाबदारी बव्हंशी वितरणांवर येते. लिनक्स हा कार्यप्रणालीचा केवळ गाभा. त्याभोवती हजारो आज्ञावली जुळवून, पारखून, त्यांची पॅकेजे बांधून जो संपूर्ण संच वापरणाऱ्याच्या हाती दिला जातो, त्यास वितरण म्हणतात. 1993 साली सुरू झालेले डेबियन हे स्वयंसेवकांनी चालविलेले असेच एक वितरण आहे. त्याच्या स्थिर आवृत्तीचा नियम कडक आहे. आवृत्ती एकदा प्रसिद्ध झाली की तिच्यातील आज्ञावली सहसा बदलावयाच्या नाहीत. सुरक्षिततेचा दोष आढळल्यास तेवढीच दुरुस्ती जुन्या आज्ञावलीत बसवावयाची. आज चालणारे यंत्र उद्याही तसेच चालेल, असे हे वचन आहे.

या वचनाची कसोटी व्हर्च्युअलबॉक्स या आज्ञावलीच्या बाबतीत लागली. इनोटेक या जर्मन कंपनीने जानेवारी 2007 मध्ये तिचे मुक्त रूप जीपीएल परवान्याखाली प्रसिद्ध केले. पुढे 2008 साली इनोटेक सन मायक्रोसिस्टिम्सकडे आणि 2010 साली सन कंपनी ओरॅकलकडे गेली. वापरावयास सुलभ असल्याने ही आज्ञावली लोकप्रिय झाली. पॅकेज बांधणाऱ्यांपुढे मात्र तिने तीन अडचणी उभ्या केल्या.

पहिली अडचण गाभ्याशी जुळवून घेण्याची. व्हर्च्युअलबॉक्सला आपले काही मॉड्यूल लिनक्सच्या गाभ्यात बसवावे लागतात आणि ते गाभ्याच्या मूळ संहितेबाहेर तयार होतात. गाभ्याची अंतर्गत रचना सतत बदलत असते व बाहेरच्या भागांसाठी ती कायम ठेवण्याची हमी कोणी देत नाही. म्हणून गाभा बदलला की हे मॉड्यूल पुन्हा घडवावे लागतात. डीकेएमएस ही सोय वापरणाऱ्याच्या यंत्रावरच ते काम करते; परंतु नवी रचना जुन्या मॉड्यूलला मानवली नाही तर घडण फसते आणि पाहुणे यंत्र सुरूच होत नाही.

दुसरी अडचण परवान्याची. या आज्ञावलीचा बायोस घडविण्यास ओपन वॉटकॉम हा कंपायलर लागतो व त्याचा परवाना डेबियनच्या मुक्ततेच्या निकषांत बसत नाही. त्यामुळे 2015 च्या जेसी आवृत्तीत हे पॅकेज मुख्य विभागात नव्हे, तर कॉन्ट्रिब विभागात होते.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर ठरली. ओरॅकल सुरक्षिततेच्या दुरुस्त्या नव्या आवृत्तीतून देते. परंतु कोणत्या बदलाने कोणते छिद्र बुजले, ते वेगळे सांगत नाही. मग जुन्या आवृत्तीत नेमकी तीच दुरुस्ती बसविणार कशी? ऑक्टोबर 2016 मध्ये डेबियनने जेसीतील व्हर्च्युअलबॉक्सचा सुरक्षा-आधार थांबविल्याचे जाहीर केले आणि जून 2017 च्या स्ट्रेच या स्थिर आवृत्तीत ती समाविष्ट केली नाही.

अनेकांची यामुळे गैरसोय झाली, हे खरे. तथापि पाहुण्या यंत्रात पुष्कळदा संशयास्पद आज्ञावलीच चालविल्या जातात, हे विसरून चालणार नाही. पाहुणा आणि यजमान यांच्यामधील भिंतीला छिद्र पडले तर परका थेट तिजोरीपर्यंत पोचतो. अशा वेळी जे राखता येणार नाही ते पॅकेज नाकारणे, हेच प्रामाणिकपणाचे होय.

केव्हीएमची गोष्ट वेगळी आहे. फेब्रुवारी 2007 मधील 2.6.20 आवृत्तीपासून ते गाभ्याचाच भाग आहे. गाभा बदलतो तेव्हा त्याच्याबरोबर तेही सुधारले जाते. तरीही घरच्या माणसाचाही कधी शेजाऱ्याला अडथळा होतो. नोव्हेंबर 2024 मधील 6.12 या गाभ्यापासून केव्हीएमचा मॉड्यूल चढताच प्रक्रियकाच्या आभासीकरण-सुविधेचा ताबा घेऊ लागला. परिणामी त्याच यंत्रावरील व्हर्च्युअलबॉक्सला दार बंद आढळले. तो मॉड्यूल उतरवून ठेवणे, अथवा आरंभीच ताबा घेऊ नये अशी सूचना देणे, हे त्यावरील उपाय.

सारांश, जुळणी ही एकदा साधून संपणारी गोष्ट नव्हे. ती सतत राखावी लागते. आज्ञावली उपलब्ध आहे एवढ्यावर समाधान न मानता, तिच्यातील दोष कोण दुरुस्त करील आणि तो तसे करू शकेल काय, हे सुजाण वापरणाऱ्याने प्रथम विचारावे.