पोटरीची कैफियत



1948 साली विलीन होईपर्यंत डफळे घराण्याचे संस्थान असलेल्या आणि पर्जन्याने सदैव हात आखडता घेतलेल्या या जत तालुक्यात, माडग्याळच्या मेंढरांमागे दिवसभर हिंडणारा धनगर असो, गुड्डापूरच्या दानम्मादेवीला पायी निघालेली गृहिणी असो किंवा ऊसतोडीसाठी घर सोडणारे जोडपे असो, पाय चालले तरच चूल पेटते. म्हणूनच मी आज पायाच्या एका व्याधीविषयी व तिच्या मोजमापाविषयी बोलणार आहे.

तंबाखू, मधुमेह, रक्तदाब आणि वाढते वय यांमुळे पायाच्या धमन्या आतून अरुंद झाल्या, तरी बसल्याजागी बहुधा काही जाणवत नाही. परंतु चार शेते ओलांडताच पोटरी भरून येते, माणूस बांधावर टेकतो, थोड्या वेळात कळ ओसरते आणि पुन्हा चालू लागल्यावर तेवढ्याच अंतरावर ती परत उठते. लिओ बर्गर यांनी 1908 मध्ये वर्णिलेला विकार तर विडी ओढणाऱ्या ऐन तिशी-चाळिशीतल्या कर्त्या माणसाचा पाय धरतो. घरची माणसे म्हणतात, ‘दमला असशील’, आणि रोगीही आपली कैफियत आवरती घेतो.

ही कैफियत खरी आहे, असा दाखला प्रकाश देऊ शकतो. विजेरीच्या काचेवर तळहात ठेवून बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड तुम्ही लहानपणी पाहिला असेल. दृश्य लालीच्या सीमेवरचा व तिच्या पलीकडचा, सुमारे 700 ते 900 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शरीरात बराच खोल शिरतो, आणि प्राणवायूयुक्त व प्राणवायूरहित हिमोग्लोबिन तो निरनिराळ्या प्रमाणात शोषून घेते. फ्रान्स यॉब्सिस यांनी 1977 मध्ये पुढे आणलेल्या प्रकाश-मापनाच्या पद्धतीचा सारा आधार एवढ्याशा भेदावर आहे. पोटरीवर एक लहानशी डबी पट्ट्याने बांधतात. तिच्यातील दीप आणि ग्राहक यांत तीन-चार सेंटिमीटरचे अंतर असते, व त्याच्या साधारण निम्म्या खोलीपर्यंतची वार्ता मिळते. रोगी ट्रेडमिलवर चालू लागला की स्नायूतील प्राणवायूच्या आलेखाची रेघ झरझर उतरते, आणि तो थांबल्यावर निरोगी माणसाची रेघ जेथे लवकर सावरते, तेथे याची बराच वेळ खालीच रेंगाळते.

उपचार मात्र विलक्षण साधा आहे. कळ बऱ्यापैकी वाढेपर्यंत चालायचे, ती ओसरेपर्यंत बसायचे, पुन्हा चालायचे. असे तीस ते पंचेचाळीस मिनिटे, आठवड्यातून तीनदा, निदान बारा आठवडे, जाणकाराच्या देखरेखीखाली. (निजल्याजागीही पाय ठणकत असेल किंवा जखम भरत नसेल, तर आधी शल्यचिकित्सकाकडेच जावे.) यानंतर माणूस पूर्वीपेक्षा लांब चालतो, आणि तरीही घोट्याच्या व दंडाच्या रक्तदाबाचे जे गुणोत्तर 0.90 किंवा त्याहून कमी झाल्यास रोग धरतात, ते फारसे हललेले नसते! धमनी जवळपास तशीच, मग चाल कशी वाढली? उत्तराचा मोठा भाग स्नायूतच, प्राणवायू घेण्याच्या आणि वापरण्याच्या त्याच्या क्षमतेत शोधावा लागतो, आणि तेथवर पाहणारे साधन म्हणून मला या डबीचे महत्त्व वाटते.

परंतु यंत्राचा आकडा म्हणजे फर्मान नव्हे. त्वचेखालची चरबी या मापनात अडथळा आणते, आणि त्वचेचा वर्णही प्रकाश शोषतो. प्रकाशावरच चालणारे, बोटाला लावायचे प्राणवायूमापक कृष्णवर्णीय रुग्णांत प्रत्यक्षाहून अधिक आकडा दाखवण्याचा संभव जास्त, हे 2020 मध्ये अमेरिकेत दिसून आले. जतच्या उन्हात रापलेल्या कातडीवर या आकड्यांची रुजुवात जतच्याच विज्ञान-पदवीधरांनी करावी, असे मला मनापासून वाटते.

डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले, आणि मिरज हे या सबंध मुलखाचे औषधोपचाराचे गाव झाले. पण आठवड्यातून तीनदा, तीन महिने, एस.टी.ने मिरज गाठणे मजुराला परवडणारे नाही. हा चालण्याचा वर्ग जतमध्ये, उमदीत, संखमध्येच भरला पाहिजे. त्यासाठी सपाट सावलीची जागा, बाक, घड्याळ आणि सोबत चालणारा शिकलेला माणूस एवढे पुरे; यंत्र मागाहून आले तरी चालेल. ज्यांना या कामात पडायचे असेल त्यांनी या पदवीदान समारंभानंतर मला भेटावे. पहिली चर्चा जागेचीच करू.